माहेरचा चोला

रौंसलीदेवीच्या डोंगरावर आता चाकाची खुर्चीही जाते, अशी पाटी सडकेला लागली आणि त्या दिवसापासून गोदांबरीचं आणि तिच्या भावाचं वाजायला लागलं.

गोदांबरीचं शिवणाचं दुकान खालच्या बाजारात, सुरेशीच्या चहाच्या टपरीला लागून. सोळा वर्षांपूर्वी म्हशींसाठी बांजाचा पाला तोडायला ती झाडावर चढली, फांदी मोडली, आणि कमरेखालचं अंग त्या दिवशी गेलं ते गेलंच. नवरा दिल्लीला नोकरीला होता, तो तिथलाच झाला. पुढचे सात महिने ती दवाखान्यात पडून होती. तिथेच शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीकडून हाताच्या मशीनवर शिवायला शिकली. आज पंचक्रोशीत तिच्यासारखा ब्लाउज कुणाचा बसत नाही. नवरीचा लेहंगा असो की मास्तरीणबाईंचा कुर्ता, बाया मैलभर चालत तिच्याकडेच येतात. तिची बोलणीही खातात, कारण गोदांबरीची जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार.

रौंसलीदेवी ही तिच्या गावची लेक. डोंगर हे देवीचं सासर आणि खालचं गाव माहेर. दर जेठ महिन्यात जत्रा भरते तेव्हा माहेराहून लेकीला नवा चोला, म्हणजे अंगावरचं वस्त्र, जातो. गेली बारा वर्षं तो चोला गोदांबरी शिवत होती. माप कुणाला विचारायची गरज नव्हती. पडायच्या आधी दर वर्षी ती स्वतःच्या पायांनी डोंगर चढून गेलेली, देवीच्या पुढ्यात तासन्‌तास बसलेली. गुडघाभर उंचीची काळी शिळा, अंगाला तूप माखून माखून गुळगुळीत झालेली, डावा खांदा जरा उतरलेला. म्हणून चोल्याचा डावा खांदा ती दोन बोटं खाली कापायची, नाहीतर कापड ओघळतं. चैत्र उजाडला की बाहेरची कामं बंद. आंघोळ करून, ओल्या केसांनी, उपाशीपोटी ती चोल्याला बसायची.

चोला वर न्यायचा तिचा धाकटा भाऊ दरबान सिंह. त्याचं देवळाच्या दारातच प्रसादाचं दुकान होतं. जत्रा संपवून तो खाली आला की गोदांबरी पाट्यावर मसाला वाटता वाटता विचारायची, "कसा दिसला रे, भुला?" धाकट्या भावाला ती भुला म्हणायची. आणि दरबान सांगायचा. "दीदी, काय सांगू, पिवळा रंग असा उठला की पंडितजीसुद्धा बघत राहिले." "दीदी, या वर्षी जरीचा काठ लावलास ना, बाया विचारत होत्या कुणी शिवला म्हणून." ऐकताना तिचा हात थांबायचा. गाभाऱ्यात फोटो काढायला बंदी होती. त्यामुळे दरबानचे डोळे तेच तिचे डोळे.

पाटीची बातमी आणली सुरेशीने. सुरेशी गोदांबरीच्या नात्यातल्या भावाची विधवा, वयाने दोन-चार वर्षांनी मोठी. "गोदी," ती म्हणाली, "उतरणीचा रस्ता केलाय म्हणे वरपर्यंत. पायऱ्या नाहीत. बोर्डावर खुर्चीचं चित्र काढलंय, निळं."

"मग यंदा चोला मीच घेऊन जाते," गोदांबरी म्हणाली.

सुरेशी कपबशा विसळत राहिली.

दरबानला कळलं तसा तो धावतच खाली आला. "दीदी, डोक्यात काय घेऊन बसलीस? जत्रेची गर्दी बघितलीस का? माणूस माणसाला तुडवतं."

"गर्दीत मी काय पहिल्यांदा जातेय? तुझं बोट धरून तुला नेलंय मी त्या गर्दीतून. विसरलास?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी."

"का? तेव्हा पाय होते म्हणून?"

"तसं नव्हे गं. पुढच्या वर्षी जाऊ. आम्ही चौघं मिळून नेऊ तुला, नीट, थाटात."

"पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी. सोळा वर्षं पुढच्या वर्षीच चाललंय. तिकडे पाटी लावलीय गुसाईंनी, कुणासाठी लावलीय? बैलांसाठी?"

गजपाल गुसाईं म्हणजे मंदिर समितीचा अध्यक्ष, मूळचा ठेकेदार. त्याचं नाव निघताच दरबान उठला. जाताना एवढंच म्हणाला, "उगाच हट्ट करतेस. त्रास तुलाच होईल."

"होऊ दे. माझा त्रास मी बघीन."

जत्रेच्या आदल्या दिवशी, गर्दी व्हायच्या आत, गोदांबरी निघाली. यंदाचा चोला डाळिंबी रंगाचा होता, आत मऊ सुती अस्तर, काठाला हाताने घातलेले टाके. धुतलेल्या उपरण्यात गुंडाळून तो तिने छातीशी धरला होता. सोबत सुरेशी. जीपवाल्याने खुर्ची टपावर बांधली आणि गोदांबरीला उचलून पुढच्या सीटवर बसवलं. सगळ्या वाटेत सुरेशी मागे पदराची गाठ सोडत-बांधत बसली होती. "काय गं भौजी, घाट लागतोय का?" गोदांबरीने विचारलं. "नाही," सुरेशी म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

शेवटच्या थांब्यावर जीप थांबली. डावीकडे जुन्या पायऱ्या, उजवीकडे तो नवा रस्ता. तोंडाशीच संगमरवरी पाटी, तिच्यावर गुसाईंचं नाव देवीच्या नावापेक्षा मोठं. आणि पाटीच्या पायाशी, खेचरं शिरू नयेत म्हणून, दोन लोखंडी पाइप वाटेत उभे ठोकलेले. माणूस तिरका होऊन जाईल एवढीच फट.

गोदांबरी खुर्चीत बसून त्या पाइपांकडे बघत राहिली.

"अगं आई, यातून खुर्ची कशी जायची?" तिने तिथल्या पहारेकऱ्याला विचारलं.

"उचलून घ्या की पलीकडे," तो तंबाखू मळत म्हणाला.

"उचलायचीच असेल तर मग पायऱ्यांवरूनही उचलता येते. हा रस्ता कशाला बांधला?"

"ते मला काय माहीत? साहेबांना विचारा."

जीपवाला आणि आणखी दोघं-तिघं पुढे झाले, आधी तिला उचललं, मग खुर्ची. पलीकडे चढ असा की सुरेशी आणि जीपवाला दोघं मिळून ढकलत होते तरी खुर्ची मागे सरकत होती. गोदांबरी दोन्ही हातांनी चाकं आवळून धरत होती. तळहात सोलवटले. अर्ध्या रस्त्यात कुणाच्या तरी दुकानाच्या खाटा मांडलेल्या. त्या सरकवल्या. पहिलं वळण पार केलं. दुसऱ्या वळणावर रस्त्याच्या बरोबर मधोमध सिमेंटचा खांब उभा होता. वर कर्णा बांधलेला, त्यातून आरती वाजत होती, आणि कर्ण्याखाली आणखी एक पाटी: दिव्यांग मार्ग. खांबाच्या डावीकडे वीतभर जागा, उजवीकडे वीतभर.

तिला बोडी, म्हणजे काकी, म्हणणारा जीपवाला घाम पुसत म्हणाला, "बोडी, इथून पुढं काय खुर्ची जात नाही."

"खांब आधी होता की रस्ता?" गोदांबरीने विचारलं. तिचा आवाज शांत होता. सुरेशी तिला ओळखत होती, म्हणून दोन पावलं मागे सरली.

"खांब मागल्या महिन्यात लावला, उद्घाटनाच्या वेळी. कर्णा पाहिजे होता ना भाषणाला."

"म्हणजे उद्घाटन करायलाच रस्ता बुजवला. वा रे गुसाईं! आणि उद्घाटनाला खुर्चीवर कुणाला बसवलं होतं?"

जीपवाला हसला. "त्यांच्याच साडूला. चांगला धडधाकट माणूस. खांबाशी पोचल्यावर उठून चालायला लागला. लोक म्हणाले, देवीचा चमत्कार."

गोदांबरी हसली नाही. चोला छातीशी तसाच घट्ट धरून तिने खाली दरीत नजर टाकली. परत फिरली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. उलट सगळ्यांना बरंच वाटलं असतं. हे ध्यानात आलं आणि तिचं डोकं आणखी तापलं. "कंडीवाला बघ एखादा," सोळा वर्षं कुणाच्या पाठीवर बसायला नको म्हणणारी ती सुरेशीला म्हणाली.

थांब्यावर नेपाळी हमाल असतात, पाठीवर वेताची टोपली, म्हणजे कंडी, बांधून म्हाताऱ्या-कोताऱ्यांना वर नेतात. धनबीर नावाचा एक बुटका, रुंद छातीचा माणूस आला. त्याने उगाच हळहळ केली नाही, की "अरेरे बिचारी" म्हटलं नाही. टोपलीत गोणपाट नीट घडी करून घातलं, तिला उचलून बसवलं आणि विचारलं, "दिदी, पाय बांधू का? हलले तर खडकाला घासतील, तुम्हाला कळणार नाही."

"बांध."

त्याने तिच्याच शालीने दोन्ही पाय एकत्र बांधले, पट्टा कपाळाला लावला आणि उभा राहिला. कंडीत माणूस पाठमोरं बसतं. डोंगर चढताना देऊळ दिसत नाही, दिसते ती खाली खाली जाणारी वाट. लहानपणापासून अशाच टोपल्यांतून गोदांबरीने गवत वाहिलं होतं, शेण वाहिलं होतं. आज ती स्वतःच भारा झाली होती. धनबीरचा श्वास तिला पाठीतून जाणवत होता. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. धनबीरवरचा तो राग नव्हता.

मध्ये एका ओट्यावर धनबीर टेकला. बाजूने यात्रेकरू चढत होते. शहरातली एक बाई, काळा चष्मा लावलेली, थांबली, "जय माता दी" म्हणाली आणि दहाची नोट गोदांबरीच्या मांडीवर, चोल्याच्या गाठोड्यावर ठेवून पुढे निघाली.

"ओ बाई!" गोदांबरीने हाक मारली. "तुमचं पडलं इथं."

बाई वळली. "नाही नाही, तुम्हालाच दिलंय."

"कशाचे? मी तुम्हाला काय विकलं?"

"अहो, असू दे. देवीच्या वाटेवर... तेवढंच पुण्य."

"पुण्य पाहिजे तर गुसाईंना सांगा, वळणावरचा खांब काढा म्हणून. मी शिंपीण आहे. खाली बाजारात दुकान आहे माझं. ब्लाउज शिवायचा असेल तर या. हे घ्या तुमचे."

बाई गोरीमोरी झाली. नोट घ्यावी की नको, तिला कळेना. शेवटी सुरेशीने ती उचलून तिच्या हातात दिली. धनबीर पट्टा कपाळाला लावता लावता खुदकन हसला. "काय झालं हसायला?" गोदांबरी म्हणाली. "काही नाही, दिदी," तो म्हणाला, "मला देत होती तर मी घेतली असती."

तिलाही हसू फुटलं. त्या दिवसातलं ते पहिलं आणि शेवटचं.

वर पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. धनबीरने टोपली उतरवली, तिला देवळाच्या ओट्यावर बसवलं. दरबान दुकानातून बघत होता. हातातला नारळ तसाच धरून तो धावत आला. चेहरा पांढराफटक.

"दीदी! आलीस? बरं झालं, बरं झालं. बस इथंच. इथूनच हात जोड. चोला दे, मी आत देऊन येतो. दमली असशील, चहा सांगतो..."

"चहा नंतर. मला दारापर्यंत ने."

"आत सफाई चाललीय. पंडितजी रागावतील."

"रागावू देत. धनबीर, उचल रे मला."

दरबान आडवा झाला. हात पसरून उभाच राहिला. "दीदी, ऐक माझं, तुझ्या पाया पडतो."

तेव्हा कुठे गोदांबरीला शंका आली. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, मग सुरेशीकडे बघितलं. सुरेशीने नजर खाली घातली. गोदांबरीने गाठोडं गळ्याभोवती बांधलं, दोन्ही तळहात फरशीवर टेकले आणि स्वतःला ओढत दाराकडे निघाली. फरशी उन्हाने तापलेली होती. लोक बाजूला सरले. तरुण पंडित हातात पितळी घंटी घेऊन दारात उभा होता. तो "अहो, अहो" म्हणेपर्यंत ती उंबऱ्याशी पोचली होती.

आत झगझगीत दिवे होते. दिव्यांच्या मध्ये संगमरवराची पांढरीशुभ्र मूर्ती, माणसाएवढी उंच, गुलाबी ओठ, काळेभोर रंगवलेले डोळे, अंगावर टिकल्यांचा चमचमता लाल लेहंगा आणि डोक्यावर मुकुट.

"ही कोण?" गोदांबरीने विचारलं.

पंडिताला प्रश्नच कळला नाही. "देवी आहे. रौंसलीदेवी."

"आमची देवी कुठाय?"

"हीच की. मी तीन वर्षं झाली इथं, तेव्हापासून हीच आहे."

"हिला कधी बसवलं?" तिने मागे न बघता विचारलं. मागे दरबान उभा आहे हे तिला माहीत होतं.

"आठ वर्षं झाली," दरबान म्हणाला. "दिल्लीच्या एका शेठजींनी दिली. कपडेही तेच पाठवतात, दर सणाला वेगळे."

आठ वर्षं. गोदांबरीने मनात एकेक चोला आठवला. हिरवा. पिवळा, ज्यावर पंडितजी बघत राहिले होते. जरीच्या काठाचा. ज्या वर्षी तिला ताप होता आणि तरी उपाशीपोटी शिवला होता तो. आठ चैत्र. आणि दर वर्षी पाट्याशी बसून ऐकलेली ती वर्णनं.

"मग माझे चोले कुणाला घालत होतात? तुझ्या बायकोला?"

"दीदी..."

"बोल ना. पिवळा रंग कुणावर उठला होता? कोण बाया विचारत होत्या? तोंड शिवलं का रे आता? मी शिवून देऊ?"

"तुला वाईट वाटलं असतं म्हणून..." दरबान रडकुंडीला आला. "तू वर्षभर त्या एका गोष्टीवर जगायचीस. मला वाटलं, कशाला सांगायचं. तू काही वर येणार नाहीस..."

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते.

गोदांबरी उंबऱ्यावर हात ठेवून वळली. "हां. आता खरं बोललास. मी वर येणार नाही. लंगडी खाली पडून राहील, तिला काय, काहीही सांगा. पाय गेले तर डोळेही काढून घेतलेत माझे." मग ती सुरेशीकडे वळली. "आणि तू? शेजारी बसून आठ वर्षं चहा पाजलास."

सुरेशीने पदराने डोळे पुसले, पण मान वर केली. "माहीत होतं. सगळ्या बाजाराला माहीत होतं, गोदी. पहिल्या वर्षी सांगायचं राहिलं, मग दर वर्षी जास्तच अवघड होत गेलं. म्हणून पाटीची गोष्ट तुझ्या कानावर घातली. म्हटलं, स्वतःच बघ. शिव्या द्यायच्या तर दे."

"देईन. घरी गेल्यावर देईन. त्या इथं पुरणार नाहीत."

एव्हाना गर्दी जमली होती आणि गर्दीतून वाट काढत गजपाल गुसाईं आला. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, हातात फोन. कुणीतरी त्याला वर्दी दिली होती. "अरे, गोदांबरी बहन! वा वा, तुम्ही आलात! बघा, आमच्या रस्त्याचा उपयोग झाला. एक फोटो होऊन जाऊ दे. उद्या जत्रेत तुम्हाला शाल घालू, सत्कार करू."

"रस्त्याने नाही आले, गुसाईंजी. या नेपाळ्याच्या पाठीवरून आले. तुमचा रस्ता तुमच्या साडूलाच लखलाभ."

लोकांत हशा पिकला. गुसाईंचा चेहरा कसनुसा झाला. "आता बघा, डोंगरातली कामं म्हणजे थोडं मागेपुढे..."

"आमची देवी कुठे ठेवलीत?"

"ती? ती आहे की. आदराने ठेवलीय, मागच्या बाजूला."

"धनबीर, उचल."

देवळाच्या मागे नळ होता आणि नारळ फोडायची जागा. करवंट्यांचा ढीग, त्यावर माश्या, आंबट वास. भिंतीच्या कडेला, नळाच्या सांडपाण्यात अर्धी बुडालेली, ती काळी शिळा उभी होती. लोक तिच्यावरच नारळ आपटत होते. डोक्याचा एक टवका उडाला होता.

गुसाईं म्हणाला, "दगड तो दगडच, बहन. श्रद्धा महत्त्वाची."

"मग तो पांढरा दगड इथं आणा आणि त्याच्यावर फोडा नारळ. श्रद्धा महत्त्वाची ना?" गोदांबरी एवढ्या जोरात ओरडली की देवळापुढची घंटा वाजवणारी माणसंही थांबली. "दहा गावांच्या बायांनी हिला लोणी लावलंय. माझ्या आईने माझं जावळ हिच्या पायाशी ठेवलं. बाई बाळंतपणाला अडली की हिचंच नाव घेते. ती काय गावाची लेक नाही? लेक म्हातारी झाली, कुरूप झाली, की तिला न्हाणीच्या मोरीत बसवायचं? तेवढ्यासाठी माहेराहून चोला मागवता होय रे?"

दरबान खाली मान घालून उभा होता. ती त्याच्याकडे वळली. "चोले कुठे आहेत?"

"कोठीत. पत्र्याच्या पेटीत."

"आण."

पेटी आली. आठातले पाच निघाले. दोन उंदरांनी कुरतडलेले, एकाला समयांचं तेल पुसलेलं, दोन धड. जरीच्या काठाचा त्यात नव्हता. कुठे गेला, दरबान सांगू शकला नाही. गोदांबरीने एकेक हातात घेतला, उलटापालटा केला आणि मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "पाणी आणा. स्वच्छ."

सुरेशीने नळावरून बादली भरली. आणखी दोन बाया पुढे झाल्या. खालच्या गावच्याच होत्या. त्यांनी करवंट्या सारल्या, सांडपाण्याला मातीने बांध घातला. गोदांबरी चिखलात बसून शिळा धुवत होती. तिचं लुगडं भिजलं, कोपरापर्यंत चिखल झाला. धुऊन झाल्यावर तिने नवा डाळिंबी चोला उलगडला आणि देवीला घातला. खांदा बरोबर खांद्यावर बसला. कुठे चूण पडली नाही. तिने गाठी मारल्या. हात जोडायला विसरली.

"उद्या जत्रा आहे," गुसाईं हलक्या आवाजात म्हणाला. "आज एवढं पुरे. बोलू आपण निवांत."

"मी निवांतच आहे," गोदांबरी म्हणाली. "मी इथंच बसणार. जत्रेला येणाऱ्या प्रत्येकाला सांगणार ही कोण आहे ते. उठवायचं असेल तर उचलून उठवा. उचलायची सवय आहे ना तुम्हाला."

तिला उचलायला कुणी पुढे आलं नाही. दरबानने एक पाऊल टाकलं, पण तिने बघितलं तसं मागे घेतलं.

ती रात्र आणि दुसरा सगळा दिवस ती तिथे बसली. सुरेशीही बसली. जत्रेला आलेल्या बाया आधी समोरून दर्शन घेऊन यायच्या, मग मागे यायच्या, शिळा बघून तिथेच खाली बसायच्या. म्हाताऱ्या ओळखायच्या. एक म्हातारी तर शिळेला मिठी मारून हमसून हमसून रडली. तिलाही आठ वर्षांत वर चढवलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत मागे तुपाचा आणि फुलांचा ढीग झाला. समोरची दानपेटी त्या जत्रेत निम्मीही भरली नाही म्हणतात. मग मात्र समिती हलली. आषाढात नळ हलवला, नारळ फोडायची जागा बदलली आणि शिळेवर चार खांबांचं पत्र्याचं छप्पर घातलं. त्यावरही गुसाईंनी आपलं नाव लिहिलंच. गाभाऱ्यात ती काही परत गेली नाही. गोदांबरीने त्यासाठी गावच्या बायांच्या सह्यांचा अर्ज केलाय, दोनदा. उत्तर आलेलं नाही. तिसरा तयार आहे.

सुरेशीला तिने घरी आल्यावर कबूल केल्याप्रमाणे शिव्या दिल्या, दोन दिवस पुरल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी टपरीवरचा चहा मागवला.

दरबानशी ती बोलली नाही. सावनात राखी आली, तिने राखी बांधली नाही. पाऊस संपला, गवतं कापून झाली, दिवाळी झाली. भैयादूजच्या दिवशी दरबान दुपारी दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. वाळला होता. देवळासमोरचं दुकान त्याने सोडलं होतं म्हणे, की गुसाईंनी सोडायला लावलं होतं, गोदांबरीने विचारलं नाही.

"आत ये," ती म्हणाली. "दारात उभा राहून उजेड अडवतोस."

तो आत येऊन जमिनीवर बसला. तिने कपाळाला टिळा लावला. उडदाच्या डाळीच्या पुऱ्या केल्या होत्या, ताट पुढे सरकवलं. त्याने खाली मान घालून एक पुरी खाल्ली, मग म्हणाला, "दीदी, राग गेला का?"

"नाही."

"कधी जाईल?"

"मला माहीत नाही, भुला." तिने मशीनचा दट्ट्या वर केला, कापड नीट सरकवलं. "तू जेव. अजून चार आहेत."